इंग्रजी वाक्य उघडायचं कुठून? सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट आणि पुढचं सगळं

फळा_खडू

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. शब्दांच्या जाती मुलांना तोंडपाठ असतात. नाउन, प्रोनाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, सगळं व्याख्येसकट धडाधड म्हणून दाखवतात. पण फळ्यावर एखादं वाक्य लिहून "यातला सब्जेक्ट कोणता?" असं विचारलं, की काही जण वाक्यातला पहिला शब्द सांगतात आणि काही जण वाक्यात ज्या माणसाचं नाव दिसेल ते. सोप्या वाक्यांत दोन्ही युक्त्या चालून जातात, म्हणून मुलं त्या सोडायला तयार नसतात. नववीत वाक्यं लांबली की अडतं.

आपण शिकवतो तो क्रमच चुकतो असं माझं ठाम मत आहे. शब्दाची जात आपण घोटून घेतो आणि त्या शब्दाचं वाक्यातलं काम शिकवायचं राहून जातं. 'वॉटर' हा शब्द घ्या. 'वॉटर इज प्रेशस' यात तो सब्जेक्ट आहे, 'वी ड्रिंक वॉटर' यात ऑब्जेक्ट आहे आणि 'वी वॉटर द प्लांट्स' यात चक्क क्रियापद आहे. शब्दाच्या रूपात काडीचाही फरक पडला नाही, फक्त जागा बदलली. मराठीत असं सहसा चालत नाही. आपल्याकडे प्रत्यय काम सांगतो. 'मांजराने उंदराला पकडलं', 'उंदराला मांजराने पकडलं', 'पकडलं मांजराने उंदराला', कसंही म्हणा, उंदराची सुटका नाही. इंग्रजीत 'द कॅट कॉट द माउस' यातल्या दोघांच्या जागा बदलल्या की मांजर उंदराच्या तावडीत.

म्हणून वर्गात मी वाक्य क्रियापदापासून उघडते. क्रियापद ओळखायला अर्थसुद्धा लागत नाही. वाक्याचा काळ बदलून बघायचा. 'माय ब्रदर वर्क्स इन अ बँक' हे कालचं करा: 'माय ब्रदर वर्क्ड इन अ बँक'. बाकी सगळे शब्द होते तसेच राहिले, एकच बदलला. तेच क्रियापद.

मग क्रियापदाच्या आधी काय आहे ते बघायचं आणि त्या सगळ्याच्या जागी एकच सर्वनाम बसवून बघायचं. 'द टॉल बॉय इन द ब्लू शर्ट प्लेज कबड्डी'. याचं होतं 'ही प्लेज कबड्डी'. 'ही'ने जेवढी जागा व्यापली तेवढा सगळा सब्जेक्ट, म्हणजे 'द'पासून 'शर्ट'पर्यंत. नुसतं 'बॉय' असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी 'ही'च्या आजूबाजूला उरलेले शब्द ठेवून वाक्य वाचायला लावते. 'द टॉल ही इन द ब्लू शर्ट' असं वाचलं की त्याचं त्यालाच कळतं.

क्रियापदानंतर काय येतं हा भाग सगळ्यात मोठा आहे, त्यावर पुढे लिहिते. तोवर शिक्षक, पालक आणि इंग्रजीशी रोज गाठ पडणाऱ्या सगळ्यांनी आपापलं म्हणणं मांडावं.

वाचनवेडा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सोनचाफा

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझा मुलगा सहावीत आहे, सेमी-इंग्रजीला. त्याच्या वहीत लिहिलंय की सब्जेक्ट म्हणजे कर्ता आणि कर्ता म्हणजे क्रिया करणारा. काल त्याने विचारलं, 'द विंडो ब्रोक' यात खिडकीने काय केलं? ती तर फुटली. मग सब्जेक्ट कोण? मला उत्तर देता आलं नाही.

फळा_खडू

सोनचाफाताई, तुमच्या मुलाने नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. त्याला शाबासकी द्या.

'करणारा तो सब्जेक्ट' ही व्याख्या 'राजू किक्ड द बॉल' अशा वाक्यांपुरती ठीक आहे. 'द लेटर वॉज डिलिव्हर्ड यस्टरडे' यात पत्राने काहीच केलेलं नाही, तरी सब्जेक्ट पत्रच आहे. 'शी नोज द आन्सर' यात ती काही करतेय असंही म्हणता येत नाही. तेव्हा 'कोणी केलं?' हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि क्रियापदाचं रूप कोणामुळे बदलतं ते बघायचं. पत्र एक असेल तर 'वॉज', अनेक असतील तर 'वेअर'. क्रियापद ज्याच्या वचनाप्रमाणे चालतं तो सब्जेक्ट.

दहावीच्या मुलांसाठी आणखी एक पक्की खूण आहे. क्वेश्चन टॅग. ते प्रश्न मुलं मार्कांसाठी भरपूर सोडवतात, पण त्याचा इथे उपयोग होतो हे त्यांना कोणी सांगत नाही. 'द विंडो ब्रोक, डिडन्ट इट?' टॅगमधलं शेवटचं सर्वनाम सब्जेक्टकडेच बोट दाखवतं. 'द बॉईज फ्रॉम अवर लेन वन द मॅच, डिडन्ट दे?' इथे 'दे' म्हणजे कोण, तर 'द बॉईज फ्रॉम अवर लेन'. गल्ली नाही, मॅच नाही. मुलाला सांगा, टॅग लाव आणि सब्जेक्ट ओळख.

शब्दवेल्हाळ

कर्ता आणि सब्जेक्ट एकच, हे समीकरण आपल्याकडे का बसलं आणि का फसतं यावर थोडं लिहितो.

पाणिनीने कर्त्याची व्याख्या 'स्वतन्त्रः कर्ता' अशी केली. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र आहे तो कर्ता. ही व्याख्या अर्थाची आहे, तिचा शब्दाच्या जागेशी संबंध नाही. म्हणून संस्कृतात 'बालकः ग्रन्थं पठति' आणि 'बालकेन ग्रन्थः पठ्यते' या दोन्ही वाक्यांत कर्ता बालकच राहतो. दुसऱ्या वाक्यात तो तृतीयेत गेला आणि क्रियापद ग्रंथाप्रमाणे चालायला लागलं, एवढाच फरक. याच दोन वाक्यांचं इंग्रजी केलं तर पहिल्यात 'द बॉय' सब्जेक्ट आणि दुसऱ्यात 'द बुक'. कर्ता हलला नाही, सब्जेक्ट हलला. म्हणजे या दोन मुळातच वेगळ्या गोष्टी मोजणाऱ्या संज्ञा आहेत.

आता मराठी बघा. रामाने आंबा खाल्ला. रामाने चिंच खाल्ली. रामाने केळं खाल्लं. कर्ता तोच, पण क्रियापद दर वेळी कर्माप्रमाणे बदलतंय. हा आपला कर्मणी प्रयोग, घरोघरी सकाळ-संध्याकाळ बोलला जाणारा. भावे प्रयोगात तर क्रियापद कोणाकडेच बघत नाही: 'रामाने रावणाला मारलं', 'सीतेने मुलांना बोलावलं'. इंग्रजीत 'राम एट' म्हटलं की पुढे आंबा येवो की चिंच, 'एट' हलत नाही. आणि वर्तमानकाळात 'राम ईट्स' यातला 'स' रामामुळे आला, तो आंब्यामुळे कधीच येणार नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलाच्या कानाला क्रियापद कर्माशी जुळवायची सवय असते. ती सवय त्याच्या भाषेची आहे आणि अगदी रास्त आहे. इंग्रजीसाठी दुसरी सवय लावावी लागते, इतकंच.

आपल्या शाळांत वाक्यपृथक्करण शिकवतात, त्यातली उद्देश्य आणि विधेय ही जोडी मला इथे जास्त उपयोगी वाटते. ज्याच्याविषयी सांगायचं ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगितलं ते विधेय. इंग्रजीतली सब्जेक्ट-प्रेडिकेट ही जोडी याच्या बरीच जवळ जाते.

रानवाट

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला मूळ दिशाच पटत नाही. आपण मराठी व्याकरण शिकून मराठी बोलायला लागलो का? मुलांना इंग्रजी ऐकू द्या, गोष्टी वाचू द्या, चुकत चुकत बोलू द्या. सब्जेक्ट-ऑब्जेक्टच्या नादात मूल तोंड उघडायलाच घाबरतं. माझ्या ओळखीतली कित्येक माणसं व्याकरणात पैकीच्या पैकी मार्क मिळवून आजही दोन वाक्यं सलग बोलू शकत नाहीत.

फळा_खडू

रानवाट, पहिली ते पाचवीच्या मुलांबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं ते कानावर पडावं म्हणूनच, आणि त्या वयात वाक्याची चिरफाड करू नये.

पण आठवी-नववीत प्रश्न फक्त बोलण्याचा राहत नाही. सेमी-इंग्रजीची मुलं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतात. त्यांच्यासमोर असं वाक्य येतं: 'द रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी इज कॉल्ड ॲक्सिलरेशन'. इथे 'इज'च्या आधीचा अख्खा पट्टा म्हणजे एकच सब्जेक्ट. 'वेगातल्या बदलाचा दर' ही एक गोष्ट आहे आणि तिला त्वरण म्हणतात. ज्या मुलाला तो पट्टा एकसंध दिसत नाही, ते 'व्हेलॉसिटी इज कॉल्ड ॲक्सिलरेशन' एवढंच वाचतं, कारण 'व्हेलॉसिटी' हा शब्द 'इज'ला चिकटून आहे. मग ते परीक्षेत लिहितं की वेग म्हणजेच त्वरण. हे मी उत्तरपत्रिकांत वारंवार बघते. शिक्षक त्याला विज्ञानाची चूक समजतात आणि भौतिकशास्त्र पुन्हा समजावतात. मुलाचं भौतिकशास्त्र ठीक असतं, सब्जेक्ट कुठे संपतो ते त्याला दिसलेलं नसतं.

बोलताना चुका होऊ द्याव्यात. वाचताना मात्र वाक्याचे सांधे दिसले पाहिजेत.

स्पर्धा_परीक्षार्थी

ताईंच्या वरच्या प्रतिसादाला +१. स्पर्धा परीक्षांच्या पेपरात चूक शोधायचे जे प्रश्न असतात, त्यांत हाच सापळा लावलेला असतो. 'द बॉक्स ऑफ मँगोज आर ऑन द टेबल'. 'मँगोज आर' हे कानाला गोड लागतं आणि आपण पुढे जातो. पण टेबलावर पेटी आहे, तेव्हा 'इज'. तसंच 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह इन नाशिक' यात राहणारा एकच आहे, म्हणून 'लिव्ह्ज'. 'ऑफ' दिसला की त्याच्या डावीकडे बघायचं, हा माझा नियम. 'अ लॉट ऑफ' आणि 'सम ऑफ' यांसारख्या शब्दांना तो लागू होत नाही, तिथे उजवीकडचंच बघावं लागतं: 'अ लॉट ऑफ मँगोज आर', 'अ लॉट ऑफ राइस इज'.

इतिहासवेडी

इंग्रजीत जागेला एवढं महत्त्व का आलं, हे कोणीतरी विचारेल म्हणून आधीच लिहिते.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारख्याच विभक्ती होत्या. आजचा 'स्टोन' तेव्हा 'स्तान' होता. दगडाचा म्हणजे 'स्तानेस', दगडाला म्हणजे 'स्ताने', अनेक दगड म्हणजे 'स्तानास', अनेक दगडांना म्हणजे 'स्तानुम'. शब्दांची जागा त्या मानाने सैल होती, कारण प्रत्यय काम सांगत होता. पुढे शब्दाच्या शेवटचे, जोर नसलेले स्वर हळूहळू एकसारखे उच्चारले जाऊ लागले आणि प्रत्यय एकमेकांत मिसळून गळून पडले. १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीच ही झीज सुरू झाली होती. प्रत्यय गेले तसं काम सांगण्याची जबाबदारी शब्दाच्या जागेवर आणि 'टू', 'ऑफ', 'बाय' यांसारख्या छोट्या शब्दांवर आली.

जुन्या घरातली दोन-चार भांडी मात्र अजून वापरात आहेत. 'स्तानेस'मधला 'स' आजच्या 'स्टोन्स'च्या षष्ठीत राहिला, 'स्तानास'मधला 'स' अनेकवचनात. आणि सर्वनामांनी तर विभक्ती सोडलीच नाही: ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम. म्हणून 'हिम' कधी सब्जेक्टच्या जागी बसत नाही.

नेकारकाठ

इतिहासवेडी, मस्त प्रतिसाद. मी बरीच वर्षं जर्मनीत आहे. इथे ती विभक्ती अजून जिवंत आहे. 'डेअर मान बाइस्ट डेन हुंड' म्हणजे माणूस कुत्र्याला चावतो. उलटं करून 'डेन हुंड बाइस्ट डेअर मान' म्हटलं तरी चावणारा माणूसच राहतो, कारण 'डेन' हे रूपच सांगतं की कुत्रा कर्म आहे. मराठी माणसाला हे पटकन समजतं. फक्त स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांत ही दोन रूपं सारखी होतात, आणि मग जर्मनीतही जागेकडे बघावं लागतं. म्हणजे प्रत्यय गेला की जागा पुढे येते, हे एकाच भाषेच्या आतही दिसतं.

फळा_खडू

आता कबूल केल्याप्रमाणे क्रियापदानंतरचा भाग.

क्रियापदानंतर आलं ते सगळं ऑब्जेक्ट, असं मुलं धरून चालतात. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी लिहिते:

शी मेट अ डॉक्टर.
शी बिकेम अ डॉक्टर.

शब्दांच्या जाती बघितल्या तर दोन्ही हुबेहूब सारखी. पण पहिल्यात माणसं दोन आहेत, ती आणि डॉक्टर. दुसऱ्यात एकच आहे, तीच डॉक्टर. मराठीत 'ती डॉक्टरांना भेटली' आणि 'ती डॉक्टर झाली', इथे 'ना' हा प्रत्यय आपल्याला फरक दाखवतो. इंग्रजीत तो फरक क्रियापदाच्या पोटात आहे. पहिल्यातला डॉक्टर ऑब्जेक्ट, दुसऱ्यातला कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक.

अमेरिकेत अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोन शिक्षकांनी १८७७ मध्ये वाक्याच्या आकृत्या काढायची एक पद्धत पुस्तकात मांडली. ती मी फळ्यावर वापरते. एक आडवी रेघ ओढायची. सब्जेक्ट आणि क्रियापद यांच्या मध्ये आडव्या रेघेला आरपार कापणारी उभी रेघ. ऑब्जेक्ट असेल तर क्रियापदानंतर आडव्या रेघेवर टेकलेली छोटी उभी रेघ. पण कॉम्प्लिमेंट असेल तर ती छोटी रेघ तिरकी, मागे सब्जेक्टकडे झुकलेली. त्या झुकलेल्या रेघेतच सगळं आलं. पुढचा शब्द पुन्हा सब्जेक्टविषयीच बोलतोय हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. 'द मिल्क टर्न्ड सावर', 'ही लुक्स टायर्ड', 'धिस इज माय फादर', सगळीकडे तिरकी रेघ.

शेवटच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. मराठीत 'हे माझे वडील' एवढंच म्हटलं तरी वाक्य पूर्ण होतं. इंग्रजीत 'इज' गाळून चालत नाही. तसंच सब्जेक्टही गाळता येत नाही. आपण 'येतो' म्हणून घराबाहेर पडतो, कोण येतो ते क्रियापदातच असतं. इंग्रजीत 'आय' म्हणावंच लागतं. 'अंधार पडला' याचं इंग्रजी करताना सब्जेक्टच्या जागी ठेवायला काहीच मिळेना, तर 'इट' आणून बसवतात: 'इट गॉट डार्क'. हा 'इट' कशाबद्दल आहे असं मुलं विचारतात. कशाबद्दलच नाही. जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून तो आहे. फक्त आज्ञार्थात ती जागा मोकळी चालते: 'ओपन द डोअर'. तिथे 'यू' गृहीत असतो.

आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: मला आंबा आवडतो. मला भूक लागलीय. मला ताप आलाय. मला दोन भाऊ आहेत. मराठीत या चारही वाक्यांत मी 'ला' लावून बाजूला उभा असतो आणि क्रियापद आंबा, भूक, ताप, भाऊ यांच्याप्रमाणे चालतं. इंग्रजीत चारही ठिकाणी सब्जेक्टच्या जागेवर 'आय' येतो: 'आय लाइक मँगोज', 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव टू ब्रदर्स'. ज्याला अनुभव येतो त्याला इंग्रजी पहिली जागा देते. मराठीतून शब्दाला शब्द लावून इथे पोचताच येत नाही. अशा वाक्यांचा एक वेगळा तक्ता मी वर्गात लावून ठेवलाय, आणि जोड्या मुलांकडूनच भरून घेते.

मेलबॉक्स

मी नागपूरला एका कंपनीत नवीन मुलांचे मेल तपासतो. ताईंच्या शेवटच्या प्रतिसादाला जोडून सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या चुका जवळपास सगळ्या क्रियापद आणि ऑब्जेक्ट यांच्या सांध्यावर असतात.

आपण बजेटबद्दल चर्चा करतो, म्हणून 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट'. इंग्रजीत 'डिस्कस'ला ऑब्जेक्ट थेट लागतो, मध्ये 'अबाउट' नको. आपण पुण्याला पोचतो, म्हणून 'रीच्ड टू पुणे'. तिच्याशी लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ हर'. तिन्ही ठिकाणी आपला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय इंग्रजीत जाऊन बसलंय आणि तिन्ही ठिकाणी ते नको आहे. आणि उलटंही होतं. आपण गाणी ऐकतो, म्हणून 'लिसन साँग्ज'. तिथे 'टू' हवा, कारण 'लिसन' ऑब्जेक्ट थेट घेत नाही. 'एक्स्प्लेन मी' हे तर रोजचं. 'मला समजावून सांगा' याचा तो सरळ उतारा आहे. पण 'एक्स्प्लेन'ला जे समजावायचं ते थेट लागतं आणि माणूस 'टू' लावून मागे येतो: 'एक्स्प्लेन द प्रोसेस टू देम'.

'वी एन्जॉइड अ लॉट' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की खटकतच नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचणाऱ्याला मात्र 'काय एन्जॉय केलं?' असा प्रश्न पडतो, तिथे 'द ट्रिप' किंवा 'अवरसेल्व्ज' हवं.

मी नव्या मुलांना एकच सांगतो. क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याच्या पुढे काय लागतं त्याच्यासकट पाठ करा. शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या बऱ्याच इंग्रजी कोशांत क्रियापदाजवळ ते ऑब्जेक्ट घेतं की नाही याची खूण दिलेली असते. अर्थ बघून कोश बंद करण्याआधी ती खूण बघायला दोन सेकंद लागतात.

शब्दवेल्हाळ

मेलबॉक्स यांनी सांगितलं ते इंग्रजी व्याकरणकारांनीही याच अंगाने मांडलं आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं मोठं व्याकरण १९८५ मध्ये आलं. त्यात इंग्रजी उपवाक्याचे मूळ साचे सातच धरले आहेत, आणि कोणता साचा वापरायचा ते क्रियापद ठरवतं. 'द बेबी स्लेप्ट' इथे पुढे काही लागत नाही. 'शी गेव्ह हिम अ पेन' इथे दोन ऑब्जेक्ट लागतात. 'दे इलेक्टेड हर कॅप्टन' इथे ऑब्जेक्ट आणि त्याचं पूरक. आणि 'ही पुट द कीज ऑन द शेल्फ' यात 'ऑन द शेल्फ' गाळून बघा. वाक्य लंगडं होतं. स्थळ सांगणारा भाग एरवी ऐच्छिक असतो, पण 'पुट'ला तो लागतोच.

सोनचाफा

'देअर'चं काय? 'देअर आर टू ट्रीज बिहाइंड अवर हाउस'. टॅग लावला तर 'आरन्ट देअर?' होतो, म्हणजे सब्जेक्ट 'देअर'. पण 'आर' तर झाडांमुळे आलं. ताईंच्या दोन खुणा दोन वेगळी उत्तरं देतायत.

फळा_खडू

इथे खुणा खरंच फुटतात. पहिली जागा 'देअर'ने भरली आहे, म्हणून टॅग त्याला धरतो. वचन मात्र झाडांच्या हातात आहे. व्याकरणकार त्यासाठी दोन सब्जेक्ट मानतात, एक जागेपुरता आणि एक अर्थाचा. शाळेत मी एवढंच सांगते की 'देअर' दिसला तर 'इज' की 'आर' हे क्रियापदाच्या पुढे बघून ठरवायचं.

पण ही रचना शिकवताना एक सुंदर गोष्ट हाती लागते. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात पुस्तक नव्याने सांगितलं जातंय, दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते दोघांना ठाऊक आहे. इंग्रजीत पहिलं 'देअर इज अ बुक ऑन द टेबल', दुसरं 'द बुक इज ऑन द टेबल'. 'अ' आणि 'द' यांचा गोंधळ ज्या मुलांचा कधीच सुटत नाही, त्यांना या जोडीवरून तो सुटायला लागतो. कारण तो फरक त्यांच्या कानात आधीपासून आहे, मराठी शब्दक्रमाच्या रूपाने.

सोनचाफा

हे लगेच कळलं. आता एक शेवटची विनंती. मुलाच्या निबंधातलं हे वाक्य पूर्ण सोडवून दाखवाल? 'यस्टरडे माय अंकल फ्रॉम कोल्हापूर गेव्ह माय सिस्टर अ न्यू बायसिकल.'

फळा_खडू

काळ बदला. 'टुमारो' केलं की 'गेव्ह'चं 'विल गिव्ह' होतं. 'यस्टरडे'ही बदललं, पण ते आपण स्वतः बदललं. त्यामुळे जे बदलावं लागलं ते 'गेव्ह', क्रियापद.

टॅग लावा: 'डिडन्ट ही?' हा 'ही' म्हणजे 'माय अंकल फ्रॉम कोल्हापूर'. चारही शब्द मिळून सब्जेक्ट. 'यस्टरडे' वाक्यात पहिलं आहे, तरी त्याचा सब्जेक्टशी संबंध नाही. ते उचलून वाक्याच्या शेवटी ठेवता येतं. असं उचलता येणं ही काळ, स्थळ, रीत सांगणाऱ्या भागांची खूण आहे. 'फ्रॉम कोल्हापूर' मात्र उचलून शेवटी ठेवू नका, नाहीतर सायकल कोल्हापूरची होईल.

'गेव्ह'नंतर दोन गोष्टी आहेत. काय दिलं, तर 'अ न्यू बायसिकल', हे प्रत्यक्ष कर्म. कोणाला, तर 'माय सिस्टर', हे अप्रत्यक्ष कर्म. मराठीत बहिणीला 'ला' लागतो. इंग्रजीत ती क्रियापदाच्या लगेच पुढे बसली की काहीच लागत नाही. मागे गेली तर लागतं: 'गेव्ह अ न्यू बायसिकल टू माय सिस्टर'.

आता मुलाला 'गेव्ह' काढून तिथे 'बॉट' ठेवायला सांगा आणि बहिणीला मागे न्यायला सांगा. 'टू' चालतो का ते त्याला शोधू दे.

सोनचाफा

विचारलं. आधी 'टू'च म्हणाला, मग स्वतःच थांबला आणि 'बॉट अ न्यू बायसिकल फॉर माय सिस्टर' असं वहीत लिहिलं. का, ते त्याचं त्यानेच सांगितलं: देताना समोर घेणारा असतो, विकत घेताना बहीण दुकानात नसली तरी चालतं.

फळा_खडू

बरोबर सांगितलं त्याने. 'सेंड', 'शो', 'टेल', 'ऑफर' यांना 'टू' आणि 'मेक', 'कुक', 'फाइंड', 'गेट' यांना 'फॉर', त्याच कारणाने. ही आठही क्रियापदं घेऊन त्याच्याकडून एकेक वाक्य लिहून घ्या. काही अडलं तर इथेच टाका.